नवा परवाना आणि विम्याचा हप्ता

मुलाच्या हाती मोटार चालविण्याचा परवाना पडला, की त्याला पंख फुटतात आणि वडीलधाऱ्यांच्या झोपेचे खोबरे होते. आमचा पुतण्या एकोणीस वर्षांचा. शिकाऊ परवान्यावर तो काही महिने बेळगावच्या रस्त्यांवर शिक्षकाशेजारी बसून घाम गाळीत होता. अखेर परीक्षा उतरला. त्याच सुमारास ओळखीच्या एका गृहस्थांची जुनी मोटार बेताच्या किमतीत मिळाली. रविवारी आजीला मिस्सेला नेता येईल आणि बाजाराच्या दिवशी भाजीच्या करंड्याही नेता येतील, असा साधा हिशेब होता. परंतु किंमत चुकती केल्यावर हाती फारसे उरले नव्हते, आणि विमा तर उतरविलाच पाहिजे.

इथे आमच्या थोरल्या बंधूंनी एक युक्ती काढली. गोव्याहून विलायतेत स्विंडनला जाऊन राहिलेले आमचे एक मावसबंधू आहेत. तिकडे सतराव्या वर्षी मोटार चालविता येते, पण नवशिक्या पोराच्या विम्याचा हप्ता ऐकून बापाने कपाळाला हात लावावा. हप्ता थोडा उतरावा म्हणून कित्येक जण गाडीत एक लहानशी पेटी बसवून घेतात. पोरगा किती वेगाने जातो, कसा ब्रेक दाबतो, ह्याची ती नोंद ठेवते. हे सारे कानी असल्यामुळे बंधू म्हणाले, “मोटार माझ्या नावावर घेऊ. पोराचे नाव कागदावर येऊच नये, म्हणजे हप्ता कमी.”

आम्ही म्हणालो, “दादा, थोडे थांबा.” खुद्द विलायतेत ही युक्ती लबाडीत जमा होते. नेहमी चालविणारा मुलगा आणि कागदोपत्री मुख्य चालक बाप, असे उघडकीस आले तर कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. आणि आपल्या देशात तर ह्या युक्तीची मुळी गरजच नाही. उलट तिने घात होतो. तो कसा, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ कुटुंबांत मोटार बापाच्या नावावर आणि चाक मुलाच्या हाती, असाच रिवाज दिसतो.

आपल्याकडे मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला, ज्याला सर्वजण ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई ह्यातून होते. त्याचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. आणि तो इंजिनाच्या आकारावर असतो, चालकाच्या वयावर नव्हे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० सी.सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सी.सी. पर्यंत ३,४१६ रुपये, वर १८ टक्के कर. म्हातारा चालवो की तरणा, रक्कम तीच. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर २००७ पासून मोकळे झाले आहेत, म्हणून तिथे चार ठिकाणी विचारपूस करण्यात अर्थ असतो. आम्ही तीन ठिकाणी विचारले. गाडीचे वय, किंमत, इंजिन हे सर्व पुसले गेले. पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे म्हणून कोणी एक रुपयाही वाढविला नाही.

आता घाताची गोष्ट. विम्यासोबत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो; २०१८ पासून त्याची रक्कम किमान १५ लाख आहे. हे संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला, आणि तेही त्याच्याजवळ वैध परवाना असेल तरच. आमच्या बंधूंनी आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालविलेले नाही. मोटार त्यांच्या नावावर झाली असती तर त्यांना परवान्याअभावी हे संरक्षण मिळाले नसते, आणि पोराला मालक नाही म्हणून मिळाले नसते. थर्ड पार्टीतूनही त्याच्या वाट्याला काही आले नसते, कारण मालकाच्या संमतीने गाडी चालविणारा हा कायद्याच्या दृष्टीने मालकाच्याच जागी उभा असतो. ज्याच्या काळजीने घर जागे राहते तोच उघड्यावर! हे ऐकून वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला. मोटार पुतण्याच्या नावावर झाली.

ह्यात पुढचा फायदाही आहे. वर्षभर दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती चढत चढत पाच वर्षांनी ५० टक्के होते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. म्हणूनच जुन्या मालकाची ५० टक्के सूट आम्हांस मिळाली नाही. ती त्यांच्याबरोबर गेली. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे, आणि मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा.

एका एजंटाने सर्वांत कमी हप्ता सांगितला, तेव्हा बंधू हरखले. कागद नीट पाहिला तर गाडीची विम्यातली किंमत, ज्याला आय.डी.व्ही. म्हणतात, ती इतरांपेक्षा बरीच खाली धरलेली! गाडी चोरीस गेली तर तेवढेच हाती यायचे. तो स्वस्तपणा आम्ही नाकारला. त्याऐवजी नुकसानीतील पहिले २,५०० रुपये स्वतः सोसण्याची अट पत्करली आणि हप्ता थोडा उतरविला. नवशिक्याची गाडी कुंपणाला, खांबाला घासणारच. पण असल्या ओरखड्यासाठी दावा करून सूट घालवायची नाही, हे आधीच ठरले होते.

नाताळच्या हंगामात गाडी गोव्यास नेऊन पाहुण्यांना भाड्याने द्यावी, असा बेत मित्रांनी पुतण्याच्या कानी घातला होता. खाजगी मोटारीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही, हे कलम आम्ही त्याला स्वतः वाचावयास लावले. त्याचा चेहरा पडला खरा.

विमापत्र आता कपाटात आहे. मुदत संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर मिळालेली सूट बुडते. म्हणून वहिनींनी दिनदर्शिकेवर ती तारीख लाल पेन्सिलीने खुणावून ठेवली आहे, आणि महिनाभर आधीपासून डब्यात थोडे थोडे पैसे बाजूला टाकण्याचे ठरविले आहे.