एका पेटीची तहकीकात

ज्या मुलखाने १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाची मोहोर पाहिली, पुढे काही वर्षे हैदराबाद राज्याची, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूरची आणि १९७३ पासून कर्नाटकाची, त्या मुलखातल्या मनुष्यास आपल्या घरात कोणत्या भाषेचा ध्वनी यावा हे आपण स्वतः ठरवतो, असा भ्रम सहसा होत नाही. ते कोठेतरी, कोणीतरी ठरविलेले असते, आणि आपण फार तर त्याविरुद्ध एक अर्ज करावा, एवढेच आपल्या हाती उरते. मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातले होबळीचे गाव. येथून थोडे दक्षिणेला सरकले की बीदर जिल्हा संपून कलबुर्गी जिल्हा लागतो. चावडीवर कन्नड, मोमीनांच्या गल्लीत दखनी, आमच्यासारख्या काही घरांत मराठी, आणि बाजाराच्या दिवशी तिन्हींची अशी काही सरमिसळ की भाव कोणत्या भाषेत ठरला हे विकणाऱ्यालाही सांगता येऊ नये. माझी सारी उमेद तहसील कचेरीत गेली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कागद वाचणे, जबानी घेणे आणि कोणाच्याही प्रथम सांगण्यावर विश्वास न ठेवणे, हे तीन गुण (किंवा खोडी, घरच्यांच्या मते) त्या नोकरीने अंगी बाणवले, आणि त्यांचा उपयोग निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीच्या मागे लावलेल्या बोटाएवढ्या एका यंत्रासाठी होईल, हे मात्र मला कोणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते.

प्रकरण आईमुळे उद्भवले. तिने नव्वदी ओलांडली आहे. दृष्टी मंदावली, पण कान शाबूत आहेत, आणि पहाटे चारला जाग आली की तिला कीर्तन हवे असते. केबलवर ते मिळण्यासारखे नव्हते. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नव्या नियमानुसार शंभर वाहिन्यांपर्यंत मूळ आकार १३० रुपये अधिक कर, आणि त्यापुढे ज्याला जी सशुल्क वाहिनी हवी ती त्याने निवडून तिचेच पैसे भरावेत, अशी व्यवस्था झाली. कायद्याने निवडीचा हक्क ग्राहकास मिळाला. व्यवहारात मात्र केबलवाल्याचा मुलगा दारात उभा राहून कन्नड वाहिन्यांचे तयार पॅकेज पुढे करी आणि मराठी वाहिन्या मागितल्या की, ‘‘सर, त्या वेगळ्या टाकाव्या लागतील, वरून विचारून सांगतो,’’ असे म्हणून निघून जाई. हे ‘वर’ कोठे असते याचा शोध सरकारी नोकरीतही मला कधी लागला नव्हता. दूरदर्शनची विनामूल्य थाळी, जी डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते, ती आम्ही गच्चीवर बसवून पाहिली. तिच्यावर दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री दिसते, मासिक आकार काही नाही. परंतु मृगाच्या पहिल्या दणदणीत सरीबरोबर चित्र विरघळू लागते, कारण ज्या केयू पट्ट्यातील लहरी तिच्यावर येतात त्या जोरदार पावसात शोषल्या जातात. शिवाय कीर्तन केव्हा लागावे हे मुंबईचे केंद्र ठरविणार, आमच्या आईची झोप नव्हे.

तेव्हा पुण्याहून दिवाळीला आलेल्या चिरंजीवांनी इंटरनेटवरचे कार्यक्रम पडद्यावर आणणारी एक स्टिक आणून दूरचित्रवाणीच्या एचडीएमआय खाचेत खोचली, गावातल्या फायबरच्या जोडणीशी तिची गाठ घालून दिली आणि भाऊबीज आटोपून ते निघून गेले. मग सारे काही जसे बिघडावयाचे तसे बिघडले. कधी चित्र चालता चालता पडदा काळा होऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. कधी, विशेषतः वीज जाऊन आल्यावर, वाय-फाय जोडलेले आहे परंतु इंटरनेट नाही, असे परस्परविरुद्ध निवेदन ते करी. आणि कधी नुसते चक्र फिरत राही व आई विचारी, ‘‘बुवा थांबले का रे?’’ घरात एकमताने निर्णय झाला की स्टिक नादुरुस्त आहे, दुसरी आणावी. पुण्याहून फोनवर तोच निर्णय कायम झाला. आरोपीची जबानी न घेता दिलेला निकाल मला मान्य नसतो, म्हणून मी तहकीकात हाती घेतली.

पहिल्या गुन्ह्याचा छडा लवकर लागला. चिरंजीवांनी भिंतीवर वायर लोंबकळू नये म्हणून स्टिकला वीज दूरचित्रवाणीच्याच यूएसबी खाचेतून दिली होती. साध्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट, एवढीच वीज मिळण्याची हमी असते. आणि स्टिकबरोबर आलेल्या अ‍ॅडॅप्टरवर, जो खोक्यात तसाच पडून होता, एक अँपिअर असे छापलेले होते. नुसती यादी दाखवीत बसली असताना अर्ध्यात तिचे भागे. चित्र उलगडण्याचे कष्ट पडले, वाय-फायही जोरात चालले, की उपाशी मजुरासारखी ती खाली बसे. अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि तो रोग समूळ गेला.

दुसरा गुन्हा मला मनापासून आवडला, कारण तो दस्तऐवजाचा होता. आमच्या स्टिकमध्ये घड्याळ जिवंत ठेवणारी स्वतंत्र बॅटरी नाही. वीज गेली की तिची तारीख जाते आणि पुन्हा सुरू होताना ती इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. आमच्याकडे वीज आली की स्टिक आधी जागी होई व राउटर मागाहून. मधल्या वेळात उत्तर न मिळाल्याने ती कित्येक वर्षांपूर्वीच्याच एका तारखेवर बसून राही. सेटिंगमध्ये ती तारीख पाहिली तेव्हा सारा उलगडा झाला. इंटरनेटवरील प्रत्येक सुरक्षित ठिकाण आपल्या ओळखीचे एक प्रमाणपत्र सादर करते आणि त्यावर अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत वैध, असे नमूद असते. स्टिकच्या पंचांगाप्रमाणे ती प्रमाणपत्रे अद्याप निर्माणच झालेली नव्हती. सबब ती त्यांस खोटी समजून नाकारी, आणि नियमाप्रमाणे तिचे बरोबरच होते. भविष्यातील तारखेचा फेरफार अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही तो परत केला असता. राउटरला बारा व्होल्टचा एक लहानसा यूपीएस लावला, म्हणजे वीज गेली तरी तो जागाच राहतो, आणि स्टिकला वेळ विचारावयास कोणीतरी हजर असते.

तिसरा गुन्हा, फिरत्या चक्राचा, मात्र दीर्घकाळ दाद देईना. आमचे घर जुने. बाहेरच्या भिंती काळ्या दगडाच्या, आतल्या दगड-मातीच्या, आणि कोनाड्यात एखादे मूल सहज मावेल इतक्या जाड. राउटर ओसरीवर, आईची खोली दोन भिंती ओलांडून माजघरापलीकडे. स्टिक पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेली होती, जो वेगवान खरा, परंतु भिंतीपुढे लवकर हतबल होतो. अडीचच्या आसपासचा पट्टा मंद असला तरी भिंतीतून अधिक शिरतो. त्यातून स्टिक दूरचित्रवाणीच्या पाठीशी, धातूच्या पत्र्याला चिकटून, वैशाखातल्या उकाड्यात भाजत बसलेली. खोक्यातली वीतभर एचडीएमआय वायर, जी आम्ही निरुपयोगी म्हणून ठेवून दिली होती, ती जोडून स्टिक पत्र्यापासून दूर काढली, पट्टा बदलला. बरीच सुधारणा झाली, पूर्ण नाही. दगडी भिंतीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. छताच्या तुळयांवरून लॅनची वायर आईच्या खोलीत नेणे हाच मार्ग होता, आणि स्टिकला ती वायर लावण्याची खाच नव्हती. निर्दोष सुटलेल्या आरोपीसही कधी कधी बदली स्वीकारावी लागते. स्टिक पुतण्याच्या घरी गेली, जेथे विटांच्या पातळ भिंती आहेत आणि ती आजही सुखाने चालते.

येथे थोडे विषयांतर होईल, पण ते मला टाळवत नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्या देशात जो उपग्रह-शिक्षण दूरचित्रवाणीचा प्रयोग, ‘साइट’, सुरू झाला, त्यात सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी होती, आणि कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), रायचूर व विजापूर होते. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास गावासाठी, असे कार्यक्रम येत. मी तेव्हा शाळकरी होतो. आमचे गाव बीदर जिल्ह्यातले म्हणून आम्ही त्या भाग्यात नव्हतो, परंतु सरहद्दीपलीकडच्या नातलगांच्या गावी शाळेच्या आवारात उभी असलेली, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीची ती दहा फूट व्यासाची थाळी मी डोळे भरून पाहिली आहे. चित्र गेले की सारा गाव त्या संचाला दोष देई आणि मास्तर मात्र शिडी लावून आधी जाळी पाहत. त्या प्रयोगाच्या भाषा हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून मराठी नव्हती. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. त्या थाळीखाली बसून आम्ही कन्नडमधून खताची माहिती ऐकली आणि ती आम्हांस चांगली समजली. तक्रार म्हणून हे सांगत नाही, सरहद्दीवरच्या माणसाचे कान कसे तयार होतात एवढेच सांगतो.

तर स्टिकच्या जागी, लॅनची वायर घेईल अशा नव्या पेटीची निवड. कलबुर्गीच्या बाजारात पाहिले तो पेट्यांचा सुकाळ. आमचे एक शेजारी, जे मला ‘अण्णा’ म्हणतात व माझ्या आधी खरेदी करण्याची घाई करतात, त्यांनी एक निनावी अँड्रॉइड पेटी अल्प दरात आणली. खोक्यावर ४के, ८के आणि आणखी जे जे छापता येईल ते सर्व छापलेले. यूट्यूब सुरेख दिसे. पण वर्गणी भरून घेतलेल्या सेवांवरचे चित्रपट धुक्यातून पाहिल्यासारखे. दुकानदार म्हणाला, नेट मंद आहे. त्याच नेटवर त्यांच्या फोनमध्ये तोच चित्रपट लख्ख दिसत होता, तेव्हा ही साक्ष ग्राह्य धरणे शक्य नव्हते. खरे कारण परवान्याचे. चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाची जी कुलूपव्यवस्था असते तिच्या श्रेणी आहेत. ज्या यंत्रात कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडते ते एल१, जेथे ते केवळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर आहे ते एल३, आणि एल३ यंत्रास बहुतेक सशुल्क सेवा साधारण ४८० रेषांपलीकडचे चित्र देतच नाहीत. डीआरएम इन्फो नावाचे एक फुकट अ‍ॅप ही श्रेणी क्षणात सांगते. एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. नेटफ्लिक्ससारखी सेवा एल१ असूनही यंत्राची आपली वेगळी मान्यता पाहते. मुद्रांक खरा असला तरी नोंदणी व्हावी लागते, तशातला हा प्रकार.

मी दुकानात ते अ‍ॅप घालून पाहण्याचा आग्रह धरला तेव्हा एका दुकानदाराने माझ्याकडे आयकर खात्याचा मनुष्य पाहावा तसे पाहिले. दुसऱ्याने मुकाट्याने दाखविले, आणि पेटी त्याच्याकडून घेतली. लॅनची खाच, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर, दोन जीबी रॅम, एल१ आणि कमी बटणांचा, अंधारात बोटांना ओळखू येईल असा रिमोट: यापलीकडे मला काही नको होते. ४के साठी जादा पैसे देण्याचे नाकारले. आमचा पडदा ४के नाही. आणि नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे १०८० रेषांच्या चित्रास ५ एमबीपीएस वेग पुरतो तर ४के ला १५ लागतो, आणि तासाला सुमारे ३ जीबीच्या जागी ७ जीबीपर्यंत डेटा जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर पेटी चालवू म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. रोजच्या दोन जीबीत कीर्तनाचा पूर्वरंगसुद्धा पुरा होत नाही.

पेटी लागली, वायर तुळयांवरून आली, चक्र थांबले. तरी पहिल्या दिवशी पडद्यावर शिफारशींच्या ज्या रांगा उभ्या राहिल्या त्या पाहून मला हसू आले: कन्नड चित्रपट, त्यांच्याखाली तेलुगू. जोडणी देणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता कोठल्या शहरी नोंदलेला असेल त्यावरून पेटी आमचे गाव ताडते, आणि कधी आम्हांस बेंगळूरचे ठरवते, कधी हैदराबादचे. १९५६ च्या पुनर्रचनेचा फेरविचार एवढ्या बिनबोभाट कोणी केला नसेल. या वेळी मात्र अर्ज करावा लागला नाही. पेटीची भाषा मराठी केली, प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन पसंतीची भाषा वेगळी नोंदविली, आणि मुख्य म्हणजे आई पहाटे जे लावी त्यावरून आठवड्याभरात रांगा आपोआप सरळ झाल्या. आई रिमोटशी बोलते. आज्ञा कशी करावी हे नातवाने शिकविले, पण अनोळखी माणसाला एकेरीत सांगणे तिला जमत नाही. ती म्हणते, ‘‘जरा पंढरपूरचं कीर्तन लावता का हो?’’ आणि यंत्र ‘जरा’ आणि ‘का हो’ गाळून बाकीचे मान्य करते. तिच्या बोलण्यात मधेच एखादा कन्नड शब्द आला तर मात्र त्याची तारांबळ उडते व ते काहीतरी भलतेच, एकदा तर कुस्तीचा फड, समोर आणते. आईने तोही शेवटपर्यंत ऐकला.

शेजाऱ्यांची पेटी परत करावी म्हणून मी त्यांच्याबरोबर कलबुर्गीस गेलो. पावती कच्ची होती, तिच्यावर दुकानाचे नाव नव्हते, आणि दुकानदाराने ती आपली नव्हेच असे सांगितले. माझ्या साऱ्या हयातीच्या अनुभवावरून मी शेजाऱ्यांस सांगितले की येथे दाद लागणार नाही. आता ती त्यांच्या पडवीत मुलांसाठी लावली आहे. यूट्यूबला ते कुलूप लागत नाही, त्यामुळे शाळेची कन्नड गाणी आणि गणिताचे पाढे तिच्यावर स्वच्छ दिसतात, आणि तेवढ्या कामाला ती पेटी लायक आहे.