सातव्यावरून सहाव्यावर

लालबाग, रविवार रात्र

चि. रोहन,


तू प्रशिक्षण देतोस त्या मुलांचा फुटबॉल संघ गेल्या वर्षी सातवा होता, यंदा सहावा आला. ‘मामा, याला सुधारणा म्हणायची का?’ असं विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मुंबई सिटी फुटबॉल क्लबचे सामने बघायला आपण कॉटन ग्रीनहून हार्बर लोकल पकडून नेरूळला जायचो, आठवतं ना? २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये आठ संघांत आपण सातवे आणि २०१५ मध्ये सहावे. केवढे खूश झालो होतो! आता ती दोन वर्षं शेजारी शेजारी मांडून बघ. १४ सामने, ४ जिंकले, ४ बरोबरीत, ६ हरले, गुण १६. दोन्ही वर्षी तंतोतंत तेच. गोलफरक तर उणे ९ चा उणे १० झाला. गोव्यात सात गोल खाल्ले, तेव्हा तू जेवणावरून उठून गेला होतास. पुणे आणि केरळ खाली घसरले म्हणून आपण वर दिसलो, एवढंच.

मग २०१६ आलं. स्ट्रायकर फोर्लान आला, गुइमारेस प्रशिक्षक झाले, सामने अंधेरीला आले आणि २३ गुणांनी आपण साखळीत पहिले. लोक अजून फोर्लानचंच नाव काढतात. मला मात्र भलताच आकडा भावतो. २०१५ मध्ये आपण १६ गोल केले होते, २०१६ मध्येही १६च. खाल्लेले गोल मात्र २६ वरून ८ वर आले! उपांत्य फेरीत कोलकात्याने ३-२ ने हरवलं, परतीचा सामना गोलशून्य सुटला आणि करंडक हुकला. तरी ती सुधारणा खरी होती, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

ती टिकली नाही, याचं दुःख आहे. पुढच्या मोसमात प्रशिक्षक तेच, फोर्लान नव्हता. गुण पुन्हा २३, पण १८ सामन्यांतून, आणि दहा संघांत पुन्हा सातवे. संघ मुरलाय असं मला वाटलं ते थेट २०२४ मध्ये. आदल्या मोसमात लीग शील्ड जिंकून देणारे प्रशिक्षक बकिंगहॅम ऐन मोसमात इंग्लंडला निघून गेले, त्यांच्या जागी क्रात्की आले, आणि तरीही मे महिन्यात कोलकात्याच्या साल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून आपण चषक आणला.

आता तुझ्या मुलांकडे येतो. आज दुपारी परळच्या झेवियर्स मैदानावर त्यांचा सामना बघायला आलो होतो. कुंपणाशीच उभा होतो, तुला दिसलो नसेन. तुझा तो बुटका लेफ्ट बॅक गेल्या वर्षी चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आज चेंडू गेल्याबरोबर तो मागे पळाला आणि पळता पळताच शेजारच्या पोराला हाताने जवळचा खांब दाखवला. ते पोरही न विचारता तिकडे गेलं. सामना तुम्ही हरलात, पण मी घरी येईपर्यंत तेच आठवत होतो.

तू गोल कुणी केले ते लिहून ठेवतोस. खाल्लेले गोल कसे बसले, तेही लिहितोस का? दोन्ही वर्षांची वही घेऊन ये, आपण एकेक सामना काढून बघू. मामी थालीपीठ करणार आहे.

तुझा,
मामा