कर्नाळ्याच्या पायथ्याचे पंचांग

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, पळस्प्याचा फाटा मागे पडला, की डोंगररांगेतून एक दगडी अंगठा वर आलेला दिसू लागतो. हाच कर्नाळा. मुंबईकरांना तो सुळका पाठ आहे. कोकणात जाणारी मुले तो प्रथम कोणाला दिसतो याची पैज लावतात, आणि तो दिसला म्हणजे मुंबई खरोखर संपली असे मोठ्यांनाही वाटते. रविवारी अभयारण्याच्या दाराशी शाळांच्या बसगाड्या उभ्या राहतात. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी पहाटेच येऊन पोहोचतात. घामाघूम करणारी चढण, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, सुळक्याला लटकलेली मधमाश्यांची पोळी आणि परतताना रस्त्यावरचा चहा, असा सहलीचा बेत ठरलेला.

मलाही हा रस्ता पाठ आहे. मात्र गडावर जाण्याचा योग क्वचितच. माझे काम पायथ्याशी असते. माता आणि बालके यांच्या पोषणाची नोंद ठेवणे, अंगणवाडीतला आहार पोहोचतो की नाही हे पाहणे, आणि पोहोचला तर तो ज्याच्यासाठी आहे त्याच्याच पोटात जातो की नाही याची चौकशी करणे, हे या नोकरीचे स्वरूप. ऐकणाऱ्याला वाटते, वाटपाचे काम दिसते! वस्तुतः ते वाटपाचे थोडे आणि पंचांगाचे अधिक आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

गडाच्या अलीकडे शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी, 4 नोव्हेंबर 1845 रोजी झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. 1876-77 च्या दुष्काळात दख्खनची अन्नान्न दशा पाहून या माणसाचे रक्त पेटले, हा इतिहास आपण शाळेत वाचलेला आहे. त्या दुष्काळातली भूक उघडी होती. रस्त्यावर पडलेली माणसे कोणालाही दिसत. आजची भूक तशी दिसत नाही. ती अंगणात हसतखेळत असते.

कोणी म्हणेल, हसतेखेळते मूल उपाशी कसे? वाडीत एखादे पोर समोर येते. चपळ, डोळे चमकदार. पाहणारा कौतुकाने म्हणतो, दीड वर्षाचा दिसतो, किती छान चालतो! आई सांगते, तीन वर्षांचा आहे. येथेच सारे आले. वयाच्या मानाने उंची खुंटलेले मूल आजारी दिसत नाही, केवळ लहान दिसते. म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी वयाचा. जन्माचा दाखला हाताशी नसला तर सणावारांवरून हिशेब लावायचा: होळीच्या आधी की नंतर? गौरी आल्या तेव्हा रांगत होता का? मग वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, आणि दंडाभोवती गुंडाळायची ती तिरंगी फीत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, म्हणजे फीत तांबड्या रंगावर थांबली, की मूल तीव्र कुपोषित. साडेबारापर्यंत पिवळा; त्यापुढे हिरवा. डोळा फसतो, फीत फसत नाही.

ही गोष्ट एकट्या कर्नाळ्याची नव्हे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे 35 मुले उंचीने खुंटलेली आढळली, आणि सुमारे 26 उंचीच्या मानाने कृश. दर शंभर गरोदर स्त्रियांपैकी जवळजवळ 46 जणींच्या अंगी रक्त कमी होते. उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणवणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत.

कर्नाळ्याच्या आसपासच्या गावांना लागून कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा जुना व्यवसाय. नावही त्यावरूनच पडले. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून सरकारदरबारी नोंदल्या आहेत, त्यांपैकी ही एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. कात गेला, जंगल आखडले, जमीन बहुतेकांच्या नावावर कधी नव्हतीच. राहिले ते दोन हात आणि रानाची माहिती.

ती माहिती थोडीथोडकी नव्हे. पहिला पाऊस पडला की शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. ओहोळातले मासे, शेतातले खेकडे. पुढे करांद्यांसारखे कंद. आठवड्याच्या बाजारातली सुकट आणि जवळा यांची मूठभर पुडी तर गरिबाच्या घरी पोषणाचे मोठे साधन आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, तांदळात त्याचा जेमतेम अंश. पोषणाच्या शास्त्राने वाडीतल्या म्हातारीला शिकवावे असे येथे फारसे काही नाही. तिला आहार कळतो. मग अडते कोठे?

अडते ते वेळेपाशी. लहान मुलाचे पोट मुठीएवढे. त्याला दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, मऊ आणि तेलतुपाचे बोट लावलेले खाणे लागते. सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि सातव्या महिन्यापासून त्याच्या जोडीला घट्ट वरण-भात, खिमट, नाचणीचे सत्त्व, हा नियम आपल्या आजीलाही ठाऊक होता. पण लावणीच्या दिवसांत आई सकाळी चिखलात उतरते ती दिवेलागणीला घरी येते. मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बिचारी पातळ पेज पाजते, कारण पेज पटकन गिळली जाते. पोट भरते, वजनाची रेघ मात्र आडवी होते. वाढीच्या तक्त्यावर ही रेघ चढती असावी लागते. निरोगी मूल पाच महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. रेघ दोन महिने आडवी राहिली तर मूल घसरणीला लागले असे समजावे, मग ते कितीही हसत असो.

आईची कथा वेगळी नाही. गरोदरपणी लोहाची गोळी रोज एक, अशी निदान 180 दिवस घ्यायची. गोळ्या मिळतात; पुष्कळदा फळीवर तशाच सापडतात. विचारले तर उत्तर तयार असते.

"ताई, गोळी खाल्ली की मळमळतं. आणि पोर मोठं झालं पोटात, तर सुटका व्हायची कशी?"

या प्रश्नाला हसू नये. दवाखाना दूर आणि रात्र अंधारी असते तेथे लहान मूल म्हणजे सोपी सुटका, हा हिशेब अडाणीपणाचा नव्हे, भीतीचा आहे. तिला समजावताना आम्ही शास्त्र थोडे सांगतो आणि व्यवहार अधिक: गोळी जेवणानंतर घे, चहाबरोबर नको, वर लिंबू पिळलेले काही खा, शौचाला काळे झाले तर घाबरू नको, आणि बाळंतपणाला गाडी कोणत्या क्रमांकावर बोलवायची ते घरातल्या पुरुषालाही पाठ करून ठेव. दुसरी अडचण शिध्याची. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, या मापाने अंगणवाडीतून आहार द्यायचा असतो. पुडा घरी जातो आणि पाच ताटांत वाटला जातो. कोणती आई एकटीच पुडा घेऊन बसेल? शिजवलेले गरम अन्न समोर बसवून वाढले म्हणजेच ते तिच्या पोटात जाते, हा अनुभवाचा धडा आहे.

आता पंचांगाची गोष्ट.

आपल्या घरी दिवाळीची चाहूल चकल्यांच्या वासाने लागते. वाडीत ती वेगळ्या प्रकारे लागते. भात कापून होते, मजुरी संपते, आणि वीटभट्टीच्या मालकाची किंवा मुकादमाची उचल घरात आलेली असते. कोणाच्या घरात लग्न निघाले, कोणाकडे आजारपण झाले, त्यासाठी पावसाळ्यातच पैसे घेतलेले असतात. ते आता विटा पाडून फेडायचे. दिवाळी झाली की भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे टेम्पोत चढतात. कोणी जवळच्या तालुक्यांतल्या भट्ट्यांवर, कोणी ठाण्याकडे, कोणी कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. मग कातकऱ्यांची वाडी निम्मीशिम्मी ओस. म्हातारी माणसे, एखादे कुत्रे. परत येणे होते ते पावसाच्या तोंडावर.

कर्नाळ्याच्या जंगलाचे पंचांग नेमके उलट आहे. 1968 साली हे पक्षी अभयारण्य झाले. हिवाळा लागला की येथे दूरदेशीचे पाहुणे पक्षी उतरतात, त्यांना पाहायला शहरातून माणसे येतात, वह्यांत नोंदी होतात. त्याच सुमारास पायथ्याची माणसे निघून जातात. पहिल्या पावसाबरोबर तो चिमुकला, रंगीबेरंगी तिबोटी खंड्या घरटे करायला हजर होतो आणि वाडीही भरू लागते. पक्ष्याच्या जाण्यायेण्याच्या तारखा आपल्याला ठाऊक असतात. मुलांच्या जाण्यायेण्याची नोंद मात्र तेवढ्या आवडीने कोणी ठेवत नाही.

आणि ती ठेवणे फार निकडीचे आहे. गर्भ राहिल्यापासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे दिवस मोजा: 270, 365 आणि पुन्हा 365, एकूण 1000. मेंदूची मोठी वाढ, हाडांची मांडणी, पुढच्या आयुष्याची उंची आणि ताकद यांचा पाया याच मुदतीत घातला जातो. मागाहून कितीही खाऊ घातले तरी येथली तूट पुरती भरून निघत नाही. या हजार दिवसांत दिवाळ्या किती येतील? दोन तर खासच, बहुधा तीन. म्हणजे सहा-सात महिन्यांचे दोन-तीन हंगाम भट्टीवर. हजारांतले निम्मेअधिक दिवस धुरात, विटांच्या रांगांत, आणि वाडीच्या अंगणवाडीपासून दूर. तक्त्यावर त्या महिन्यांच्या जागी कोरी चौकट राहते. पावसाळ्यात महत्प्रयासाने वर आणलेली रेघ दिवाळीपाशी तुटते, आणि ज्येष्ठात मूल परत येते तेव्हा ठिपका पुन्हा खाली असतो. आम्ही पुन्हा तेथूनच सुरुवात करतो.

यावर उपाय नाही असे नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरात 33 ठिकाणी सुरू झाली, त्यात मेळघाटातले धारणी होते. त्याच दशकात डहाणू तालुक्यातल्या कासा येथे डॉ. पी. एम. शाह यांच्या प्रकल्पात गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम दिले गेले. 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीही खेड्यातल्या बायकांच्याच हाती आरोग्याचे काम सोपवले. कर्नाळ्याची खिंड ओलांडल्यावर तारा गाव लागते. तेथे युसुफ मेहेरअली सेंटरचा दवाखाना आहे. या साऱ्यांचा धडा एकच: पोषणाचे काम कचेरीतून होत नाही, ते शेजारणीकडून होते. अंगणवाडीताई आणि आशाताई या त्याच परंपरेतल्या. त्यांना कोणत्या घरात चूल पेटली नाही ते न विचारता कळते.

उरते ते इतकेच, की शेजारीण भट्टीवर सोबत जाऊ शकत नाही. म्हणून तेथे दुसरी शेजारीण उभी करावी लागते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा वर्षांखालील मुलांना अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. 2021 पासून अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये होतात, आणि एका अंगणवाडीतले नाव दुसरीकडे वर्ग करता येते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात भट्टी गावाबाहेर, मालकाच्या जमिनीत. तिथल्या अंगणवाडीताईच्या यादीत ही मुले नसतात, आणि आईला तेथे जायला उसंत नसते. म्हणून आमची खरी धावपळ दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. कोण निघाले, कोणत्या तालुक्यात, कोणाच्या भट्टीवर; कोणती बाई कितव्या महिन्यात; कोणत्या मुलाचा दंड पिवळ्यावर. लस राहिली असेल तर आत्ताच द्यायची. आरोग्याचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यायचे. तिकडच्या ताईला फोन करायचा: अमुक इतकी मुले येत आहेत, तुझ्या यादीत घे. कधी फोन लागतो, कधी भट्टीच बदललेली असते. पण ज्या मुलांची नावे अशी पुढे पोहोचतात, त्यांच्या तक्त्यावर हिवाळ्यातही ठिपके उमटतात. ते पाहिले की सगळी पायपीट सार्थकी लागते.

शहरातल्या वाचकांनी यात काय करावे, असे पुष्कळ जण विचारतात. फराळाचे डबे वाडीवर नेऊन देण्याची हौस चांगलीच. पोरांना लाडू आवडतात. परंतु मुलाला लागते ते एका दिवसाचे गोडधोड नव्हे, रोजचे चार वेळचे साधे अन्न. आपल्या शहराच्या वेशीवर भट्ट्या आहेत, आपल्या नव्या घराच्या बांधकामावर मजुरांच्या झोपड्या आहेत. तेथे खेळणारी मुले कोणत्या अंगणवाडीच्या यादीत आहेत, एवढे ठेकेदाराला किंवा भट्टीवाल्याला विचारावे. कोणत्याच नाही असे उत्तर आले, तर जवळच्या अंगणवाडीत जाऊन ताईंना सांगावे, की अमुक ठिकाणी इतकी मुले आणि एक गरोदर बाई आहे. त्याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. ताईंची वही उघडेल आणि एकेक नाव त्यात चढेल. येत्या कार्तिकात कर्नाळ्याला पक्षी पाहायला जाल तेव्हा जरूर जा. जाता-येता रस्त्याकडेच्या भट्टीपाशी एवढी चौकशी तेवढी करून या.