टिक्

आमच्या घरी रविवारपेक्षा गुरुवारचं कौतुक जास्त. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते आणि तिथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. १९९५च्या सुमारास माझी सकाळची शाळा सुटली की ते मला लुनावरून नारायण पेठेतल्या एका बोळात आणून सोडायचे आणि स्वतः अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळायला जायचे. बोळात व्हिडिओ गेम पार्लर होतं. एक रुपयाला एक कॉइन.

खेळाचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. आम्ही सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणायचो. चार गड्यांतला तो पिवळ्या टोपीचा, सगळ्यांत चपळ. तिघं एका वेळी खेळायचे, बाकीचे पाठीमागून सल्ले द्यायचे.

एकदा जॉयस्टिक उजवीकडे जाईना. मला न्यायला आलेल्या बाबांनी मालकांना पॅनेल उघडायला सांगितलं. दांड्याभोवती चार मायक्रोस्विच होते. "अरे, हे तर आमच्या मशीनवरच्या लिमिट स्विचचे भाऊ!" बाबा म्हणाले. एकेक दाबून त्यांनी मला आवाज ऐकवला. तीन टिक् करत होते, उजवीकडच्या चालीचा मुका होता. या खेळात पुढे जायचं म्हणजे उजवीकडेच जायचं, म्हणून तोच आधी झिजला. पुढच्या गुरुवारी बाबांनी तापकीर गल्लीतून नवा आणून बसवला आणि मालकांनी मला पाच कॉइन दिले.

पार्लर गेलं, तिथे झेरॉक्सचं दुकान आलं. कॅपकॉमनं १९९३ साली काढलेल्या या खेळाच्या मूळ बोर्डावर आवाजाचा प्रोग्रॅम कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं १९९७ मध्ये 'मेम' आणलं, त्याचं मोल मला तेव्हा कळलं. जुन्या बोर्डावरची एकेक चिप जशी वागायची तसं वागायला ते आजच्या कॉम्प्युटरला शिकवतं. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांचा संच विकायला काढला, त्यात मुस्तफा नव्हता. हा खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवर बेतलेला, त्यामुळे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत. रीतसर विकत मिळाला असता तर मी पहिल्याच दिवशी घेतला असता.

गेल्या वर्षी घरात मुस्तफासाठी यंत्र जमवायचं ठरवलं. जुना डेस्कटॉप नको होता. त्याच्या पंख्याची घरघर आणि विजेची भूक, दोन्ही नकोत. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी मनात भरला होता, कारण ६ वॅटचा तो प्रोसेसर पुढच्या काळातले त्रिमितीय खेळही बऱ्यापैकी ओढतो. पण मला ते खेळायचेच नव्हते. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० होता. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरमध्ये दीड गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. नक्कल करण्यात त्यातली बरीच ताकद खर्च होते, तरी उरते. अडॅप्टर १५ वॅटचा. मी पाय ४ घेतला, एप्रिलच्या उकाड्यासाठी त्यावर जाड ॲल्युमिनियमचं कवच चढवलं आणि उरलेले पैसे जॉयस्टिकवर घातले. अजून कुणी विचारलं, तर मी खर्चाचा हाच क्रम सांगतो.

कारण अडचण वेगाची नव्हतीच, उशिराची होती. पडद्यावर सेकंदाला जवळपास साठ चित्रं उमटतात, म्हणजे एकाला साधारण १७ मिलिसेकंद. हॉलमधला मोठा टीव्ही चित्र नितळ करायच्या नादात अशी दोन-चार चित्रं मागे राहायचा. बाबांनी खेळून पाहिलं. "टिक् आधी होतंय, लाथ नंतर," ते म्हणाले. ब्लूटूथ काढून वायर लावली, टीव्हीचा गेम मोड चालू केला. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा ऑफिसचा जुना मॉनिटर जोडला. आता टिक् आणि लाथ एकदमच.

आमच्याकडे वीज गेली तर बहुधा गुरुवारीच जाते. अचानक वीज तुटली तर मेमरी कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो, म्हणून पाय आणि मॉनिटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. परवाच्या गुरुवारी पंखे बंद होते. खेळात बाबा मुस्तफा, माझी मुलगी हॅना, मी जॅक. तिसऱ्या टप्प्यावर बाबांनी हात थांबवला, दांडा कानाशी नेऊन उजवीकडे दोनदा हलवला.

"हा लवकरच जाणार," ते म्हणाले. "तापकीर गल्लीत जाशील तेव्हा दोन आण."