असरच्या आत बाणकोट

मोटारसायकलवर कोकण फिरायचे, ही मुलांच्या अब्बांची लग्नाआधीपासूनची इच्छा. वीस वर्षांत घराचे हप्ते आले, सासऱ्यांचे आजारपण आले, दोन्ही मुलांच्या शाळा आल्या आणि इच्छा तशीच राहिली. यंदा धाकटाही वसतिगृहात गेला. सासऱ्यांचे निधन होऊन वर्ष झाले. घर एकदम शांत झाले होते. एका रविवारी हे अंगणात गाडी पुसत बसलेले पाहिले आणि मीच म्हटले, "या दिवाळीच्या सुट्टीत निघू या. मी मागे बसते."

आम्ही सातारचे. मी शिक्षिका असल्याने कोणतेही काम आधी वहीत उतरते. शंभर पानी वही घेतली, नकाशा पुढ्यात ठेवला आणि वेळापत्रक आखले. पहिला दिवस श्रीवर्धन, दुसरा हर्णै, तिसरा रत्नागिरी, चौथ्या दिवशी घरी. प्रत्येक दिवसापुढे किलोमीटर लिहिले. बेरीज जुळली. आम्ही दोघेही खूश झालो.

आमच्या शाळेतल्या एक सहकारी शिक्षिका मूळच्या म्हसळ्याच्या. आम्ही त्यांना आपा म्हणतो. त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि हसून म्हणाल्या, "कोकणात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. मध्ये खाड्या आहेत. खाडीला तुमच्या वहीची फिकीर नाही."

मग त्यांनी समजावून सांगितले. सागरी मार्ग सरळ नाही. नद्या समुद्राला मिळतात तिथे रस्ता तुटतो आणि गाडीसकट बोटीत चढावे लागते. या बोटीला तिकडे सगळे 'जंगल जेट्टी' म्हणतात. बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्रीची खाडी ओलांडायची, दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीची. बोट चुकली की पुढच्या बोटीची वाट पाहायची, नाहीतर लांबचा वळसा. दिवाळीच्या पहिल्या आठवड्यात जेट्टीवर पुण्या-मुंबईच्या मोटारींची रांग लागते, म्हणून सुट्टी संपत आली की निघा. पावसाळ्यात तर बेतच नको. २०२१ च्या जुलैत आमच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता किती दिवस बंद होता, हे आम्हा सातारकरांना वेगळे सांगायला नको. वहीतले रत्नागिरी आपांनी पेन्सिलीने खोडले. यांना ते आवडले नाही. घरी आल्यावर यांनी ते पुन्हा लिहिले.

दुसरा मशवरा गॅरेजच्या मिस्त्रींचा. त्यांनी चेन ताणली, ब्रेकचे लायनर बदलले, क्लचची एक जादा केबल सीटखाली ठेवली. सामान उंच बांधू नका, दोन्ही बाजूंना सारखे आणि खाली असू द्या, असे बजावले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर नुसत्या ब्रेकवर भार येऊन ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, बुरख्याचा घेर आणि ओढणीचं टोक सांभाळा. साडीगार्ड आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका." हे आपल्या घराघरांत सांगण्यासारखे आहे. वाऱ्याने उडालेले कापड चाकात किंवा चेनमध्ये गेले की मागे बसलेली बाई खेचली जाते. सावरायलाही वेळ मिळत नाही. मी या प्रवासासाठी बुरखा कमी घेराचा शिवून घेतला, खालचा भाग मांडीखाली घट्ट दाबून बसले, ओढणी आतून पिनांनी पक्की केली, सलवारीच्या पायांना इलॅस्टिक लावले. हेल्मेट दोघांनाही होते. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते लागतेच.

फजरनंतर प्रवासाची दुआ पढून निघालो. महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून पोलादपूरला उतरेपर्यंत दाट झाडी आणि वळणामागून वळण. पुढे महाड, माणगाव, म्हसळा. याच म्हसळा तालुक्यातले आंबेत हे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे गाव. १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो. त्या मातीतून जाताना बरे वाटले.

श्रीवर्धनला आपांच्या ओळखीने एका घरी उतरलो. घरच्या मालकीण साठीच्या पुढच्या. आम्ही त्यांना खाला म्हणू लागलो. रात्री तांदळाची भाकरी, सुरमईचे नारळातले कालवण आणि सकाळी वाफाळती सांदणे. न्याहारीनंतर त्यांनी वाडी दाखवली. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, पण वाडीत अर्ध्याहून अधिक रोपे लहान होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मोठी झाडे आडवी झाली. खाला म्हणाल्या, "सुपारी लावली की सात-आठ वर्षं नुसतं पाणी घालायचं. आम्ही परत पहिलीतून सुरुवात केली." मला शिक्षिका समजून त्यांनी मुद्दाम असे म्हटले असावे.

दुपारी जेवून निघालो तेव्हा खाला फाटकापर्यंत आल्या. "असरच्या आत बाणकोट गाठा. नाही जमलं तर हरिहरेश्वरालाच राहा, नाहीतर परत इथे या. पलीकडे केळशीपर्यंत रस्ता सड्यावरचा आहे. वळणावर जांभ्याची खडी सांडलेली असते. अंधार पडला की गुरं रस्त्यावर येऊन बसतात."

हरिहरेश्वराच्या खडकांवर लाटा पाहत बसलो आणि वेळ गेला. बागमांडल्याच्या वाटेवर असताना एका मोहल्ल्यातून असरची अजान ऐकू आली. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असर झाली. खालांनी सांगितलंय, थांबू या."

हे म्हणाले, "ही त्यांची असर. आपली व्हायला अजून पाऊण तास आहे."

यात खोटे काही नव्हते. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही हनफी. शाफईंच्या हिशेबाने असरची वेळ आधी सुरू होते. नोव्हेंबरात हा फरक साधारण पाऊण तासाचा असतो. पण खालांनी सांगितलेली असर त्यांच्या गावच्या घड्याळातली होती, हे मलाही कळत होते आणि यांनाही. आपल्याला हवे तेच ऐकायचे ठरले की माणूस मसलेही कामाला लावतो. मी आणखी जोर द्यायला हवा होता. दिला नाही. वीस वर्षांनी हौस पुरी होत होती, तिच्यात मोडता कशाला घालायचा, असे वाटले.

बोट मिळायला वेळ लागला. सावित्रीचे पात्र ओलांडून वेश्वीला उतरलो तेव्हा ऊन पिवळे झाले होते. बाणकोटचा किल्ला डावीकडे की उजवीकडे, हेही धड पाहिले नाही. वेळास गाव मागे पडले. नाना फडणवीसांचे हे गाव, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात तेही हेच. आम्ही थांबलो नाही. सूर्य बुडाला आणि सड्यावर पाहता पाहता काळोख झाला.

एका उताराच्या वळणावर समोरून दिवा आला. यांनी ब्रेक दाबला, चाक खडीवर गेले आणि गाडी डाव्या अंगावर पडली. वेग फार नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. यांचे कोपर सोलले, माझा गुडघा फुटला. क्लचचा दांडा मोडला, आरसा गेला. मी रस्त्यावर बसल्या बसल्या पहिल्यांदा काय पाहिले असेल, तर बुरख्याचे टोक. ते मांडीखाली दाबलेले तसेच होते. ते चाकात असते तर हा लेख कदाचित लिहिला गेला नसता.

जवळच्या वाडीतल्या दोन बायका कंदील घेऊन धावत आल्या. पाणी दिले, जखम धुतली. घरातल्या तरुण मुलाने गाडी उभी केली, मोडक्या दांड्याच्या उरलेल्या तुकड्यावर क्लच धरता येतो का ते पाहिले आणि स्वतःची गाडी काढली. "काका, माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवा. मी थांबलो की थांबा." त्याने आम्हाला केळशीपर्यंत पोहोचवले. पैसे देऊ केले तर ओशाळून म्हणाला, "दिवसा या कधीतरी."

रात्री खोलीत फोन वाजला. खाला होत्या. "पोचलात का गं?"

मी म्हटले, "हो खाला, खैरियत आहे." आवाज नीट निघाला नसावा. यांनी माझ्या हातून फोन घेतला. माझे यजमान सहजासहजी चूक कबूल करणाऱ्यांपैकी नाहीत, हे बावीस वर्षांचा अनुभव सांगतो. ते म्हणाले, "खाला, तुमचं ऐकलं नाही. पडलो आम्ही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आले, कुठे लागलं, रक्त थांबलं का, जेवलात का. सकाळी आधी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, गाडी नंतर. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारले नाही. फोन ठेवल्यावर यांनी माझी वही मागितली आणि रत्नागिरी स्वतःच्या हाताने खोडले.

पुढचा प्रवास निराळा झाला. दिवसाला एकच मुक्काम, आणि ऊन उतरायच्या आत. क्लचचा दांडा दापोलीत बसवला. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. काही पोरे वाळूत मोटारसायकली पळवत होती. तिथल्या एका कोळ्याने आम्हाला आपणहून सांगितले, की ओल्या वाळूवर गाडी नेऊ नका. ती रुतते, भरती कुणासाठी थांबत नाही, आणि खारे पाणी चेनला लागले की गंज धरतो. हे मान हलवून ऐकत होते.

दाभोळला खाडीकाठच्या शाही मशिदीत जोहर अदा केली. मुसाफिर म्हणून चारच्या जागी दोन रकाती. गावात तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची एक शाहजादी हजला निघाली होती, दर्यात लढाईची धास्ती म्हणून दाभोळलाच अडकली आणि हजसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली, अशी कथा तिथे सांगतात. एकेकाळी याच बंदरातून जहाजे अरबस्तानाकडे जात. निघालेल्या माणसाला मुक्कामाला पोहोचता आले नाही तरी वाटेत काही चांगले होऊ शकते, असे त्या दगडी कमानीखाली बसून मनात आले. मी ते बोलून दाखवले नाही. यांनी मात्र इमामसाहेबांना विचारले, "धोपाव्याला उतरल्यावर गुहागरचा रस्ता कसा आहे? तुम्ही स्वतः दुचाकीवर गेलात तर किती वाजता निघाल?"

हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. आपण वाटेत विचारतो, "अमुक गाव किती लांब?" समोरचा अंतर सांगतो आणि विषय संपतो. "तुम्ही स्वतः कधी निघाल?" असे विचारले की माणूस थांबतो, विचार करतो, मग बोटीची वेळ, खचलेला रस्ता, पेट्रोलचा पंप, बायकांना नमाजसाठी नि हातपाय धुण्यासाठी बरी जागा, सगळे आपोआप सांगतो. घरात बाई असेल तर तिलाही विचारावे. कोणत्या ठिकाणी उतरायला संकोच वाटणार नाही, हे पुरुषांच्या लक्षात येतेच असे नाही. आणि मशवरा घेतल्यावर वहीतले खोडायची तयारी हवी. तीच नसेल तर विचारणे हा नुसता उपचार ठरतो.

गुहागरच्या सुरूच्या बनात एक रात्र राहिलो आणि चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण करत पाचव्या दिवशी मगरिबच्या आधी साताऱ्यात पोहोचलो. दाराशी गाडी लावतो तोच फोन आला. खालाच होत्या. या वेळी मी खैरियत म्हटले, ते खरे होते.

आता अब्बा पुढच्या वर्षीचा बेत आखताहेत. रत्नागिरी पुन्हा वहीत आले आहे, पण पेन्सिलीने. त्याच्यापुढे किलोमीटर लिहिलेले नाहीत. लिहिले आहे: 'आधी खालांना विचारणे.'