चांदी खाली बसताना

दहावीच्या विज्ञानात धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी पोटॅशियम, सोडियमपासून सुरू होते. ते धातू आमच्या दुकानाची पायरी कधी चढत नाहीत. सोनं-चांदी आटवून चोख करणाऱ्या गलाईवाल्याचा संबंध येतो तो श्रेणीच्या तळाशी: लोखंड, शिसं, तांबं, चांदी, सोनं. वरचा धातू खालच्याला त्याच्या द्रावणातून बाहेर काढतो आणि स्वतः विरघळतो, हे मुलं एका वाक्यात पाठ करतात. आम्हाला त्याच वाक्याच्या जोरावर गिऱ्हाइकाची चांदी परत करायची असते, तीही वजनात.

खानापूर, आटपाडी हा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. इथली माणसं मूस आणि सांडशी घेऊन देशभर पांगली. मीही चुलत्यांच्या मागोमाग कोइमतूरला आलो. सराफाकडून मोडीचे दागिने येतात, झारेकऱ्यानं माती धुऊन काढलेला माल येतो. त्यातलं सोनं, चांदी, तांबं निराळं करायचं.

सोनं चोख करायला आधी त्यात चांदी मिसळावी लागते. नवख्या पोराला हे पटतच नाही. जुना हिशेब एक भाग सोन्याला तीन भाग चांदीचा. चांदी कमी पडली तर सोनंच तिला झाकून ठेवतं आणि आम्ल आतपर्यंत पोचत नाही. दोन्ही मुशीत एकजीव करायचे, रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे आणि दाणे नायट्रिक आम्लात सोडायचे. श्रेणीत तांबं आणि चांदी हायड्रोजनच्या खाली आहेत, म्हणून साधं हायड्रोक्लोरिक आम्ल त्यांना विरघळवू शकत नाही. नायट्रिकची रीत वेगळी. ते हायड्रोजन सोडत नाही, तपकिरी वायू सोडतं आणि चांदी-तांबं दोन्ही उचलतं. हा धूर फुप्फुसाला घातक. छातीवर त्याचा परिणाम कधीकधी काही तासांनी दिसतो, म्हणून त्या वेळी काही झालं नाही यावर विसंबू नये. धुराडं नीट ओढत नसेल तर त्या दिवशी आम्ल उघडायचं नाही, हा नियम मी दुकानात कुणालाही मोडू देत नाही.

तळाशी उरते मातकट तपकिरी भुकटी. ते सोनं असतं. पुन्हापुन्हा धुऊन, सवागी टाकून आटवलं की पिवळं होतं. लोकांना इथे काम संपलं असं वाटतं. माझ्या मते खरी कारागिरी इथून पुढे आहे, कारण सोन्याला नुसतं मागे उरायचं असतं; चांदी मात्र पाण्यात हरवलेली असते.

त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. थोड्याच वेळात तिच्यावर करडी लव चढते, मग बारीक चकचकीत सुया फुटतात, एकमेकींत गुंततात आणि आपल्याच वजनानं गळून पडतात. पट्टी अधूनमधून हलवावी लागते; चांदीचा थर दाट बसला की आतल्या तांब्याला द्रावण लागत नाही. बाहेर काढून पाहिली तर पट्टीच्या कडा कसर लागलेल्या कापडासारख्या कुरतडलेल्या असतात. तांब्याचा एक अणू जातो तेव्हा चांदीचे दोन बाहेर येतात. म्हणून किलोभर चांदी उतरवायला हिशेबानं सुमारे 294 ग्रॅम तांबं लागतं. प्रत्यक्षात आम्ल शिल्लक असेल तर ते आधी तांबं खातं, धूरही करतं, आणि हिशेब वाढतो. आम्ल बेतानं वापरण्याचं एक कारण हेही आहे.

आता कुणीही विचारील, तांब्यापेक्षा लोखंड स्वस्त आणि श्रेणीत वर. मग लोखंडच का नाही? आमच्याकडे आलेल्या भाच्यानं हेच विचारलं होतं. जस्त तर त्याहून वर, काम आणखी झटपट करील. चुलत्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "बाळा, ते चांदी काढील, पण एकटी नाही काढणार." हेच खरं आहे. द्रावणात जुन्या दागिन्यांतलं तांबं असतं, कधी डागातून आलेलं शिसं असतं. लोखंड टाकलं तर ते चांदीमागोमाग तांबं आणि शिसंही खाली ओढतं, आणि जे वेगळं करायला आम्ल जाळलं ते सगळं पुन्हा एकाच गाळात. तांब्याला शिसं हलवता येत नाही, कारण शिसं त्याच्या वर आहे. द्रावणातल्या तांब्याला तर ते हात लावूच शकत नाही. चांदी, आणि एखाद्या मालात असलाच तर तिच्या खालचा धातू, एवढंच त्याच्या आवाक्यात. या कामात सगळ्यात जोरदार धातू शोधायचा नसतो. हव्या त्या धातूच्या लगेच वरचा, दुकानात मिळणारा धातू निवडायचा असतो. श्रेणी पाठ करून घेताना शाळेत यावर जोर देत नाहीत याचं मला वाईट वाटतं. मुलांना वरचा धातू म्हणजे चांगला धातू वाटू लागतो.

चांदी पूर्ण उतरली हे रंगावरून ठरवता येत नाही. चांदीच्या द्रावणाला स्वतःचा रंग नसतो आणि मालातल्या तांब्यानं पाणी पहिल्यापासूनच निळं असतं. काचेच्या पेल्यात थोडं निवळलेलं पाणी घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. पांढरं दाट काही फिरलं तर चांदी अजून आत आहे, पट्टी राहू द्यायची. पेला स्वच्छ निळा राहिला तर उपसायला घ्यायचं. याच कारणासाठी दाणे विरघळवताना नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोराइडनं चांदी आधीच पांढरी होऊन बसते. आम्ही ऊर्ध्वपातित पाणी आणतो.

उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाची कातर टाकली की त्यावर लालसर तांबं चढतं आणि निळाई उतरत जाते. तांबं परत मिळालं म्हणजे झालं, असं म्हणून पुढचं पाणी गटारात सोडणारे आहेत. त्यांच्याशी माझं जमत नाही. त्यात लोखंड असतं, दागिन्यांतलं जस्त असतं, कधी कॅडमियम असतं, आणि आम्लही असतं. आधी चुन्याची निवळी नाही, चुनाच घालायचा, आम्ल मारायचं, धातूंचा साका बसू द्यायचा आणि तो वाळवून घातक कचऱ्यात वेगळा द्यायचा. वरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात नायट्रेट तसंच असतं. चुन्यानं ते जात नाही. म्हणून तेही विहिरीच्या, बोअरच्या आसपास ओतायचं नाही, प्रक्रिया करणाऱ्याकडेच पोचवायचं. यावर होणारा खर्च मी गलाईच्या मजुरीत धरतो आणि सराफाला तसं आधीच सांगतो.