वकील सरकारचा

ॲट्रॉसिटीच्या खटल्यातल्या फिर्यादी बाई कोर्टाच्या व्हरांड्यात मला ‘आमचे वकीलसाहेब’ म्हणतात. खरं तर मी त्यांचा वकील नव्हे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ खाली नेमलेला विशेष सरकारी वकील मी. माझा पक्षकार महाराष्ट्र शासन. ज्या ठाण्याने त्यांची फिर्याद घ्यायला टाळाटाळ केली, तेही शासनच. त्याच ठाण्याचा अंमलदार माझा साक्षीदार.

फाइल आली की मी फिर्यादीआधी घटनास्थळाचा पंचनामा वाचतो. जातिवाचक शिवीगाळ लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी झाली, हे दाखवावं लागतं. पंचनाम्यात ‘घरासमोर’ एवढंच असेल, रस्ता किती फुटांवर, शेजाऱ्यांची दारं कुठल्या दिशेला हे नसेल, तर उलटतपासात बचावाचे वकील त्या अंगणाला चार भिंती बांधून देतात. मग तपास उपअधीक्षकांनी केला की फक्त सही केली, फिर्यादीचा जातीचा दाखला जोडलाय का, आरोपीची जात कागदावर आहे का. कंटाळवाणी कामं. खटले पडतात ते इथेच.

सगळ्यात अवघड होतं ‘जातीच्या कारणावरून’ सिद्ध करणं. गावात बांधाचा वाद असतो, पाण्याचा असतो. कागदावर कारण तेच येतं आणि जात नामानिराळी राहते. खैरलांजीत २००६ साली एकाच दलित कुटुंबातल्या चौघांचे खून झाले. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी सिद्ध धरली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली. ॲट्रॉसिटीबाबत मत तेच राहिलं. पुढे कायदा बदलला: २६ जानेवारी २०१६ पासून गंभीर गुन्ह्यांत आरोपीला जात माहीत होती एवढं पुरतं, आणि ओळख असेल तर ती माहीत होती असं कोर्टाने गृहीत धरायचं. तीन पिढ्या शेजारी राहून जात ठाऊक नव्हती, हा बचाव तरीही येतो. हसू आवरावं लागतं.

साक्षीदार फितूर झाला की तरुण सहकारी चिडतात. मी त्याला आधीच विचारून ठेवलेलं असतं, मजुरीला कोणाच्या शेतावर जाता? बहुतेकदा उत्तर तिथंच मिळतं. कलम १५अ संरक्षणाचा हक्क देतं. सुगीचं काम देत नाही.

आरोपी सुटले तर अपील करावं का, हा अभिप्राय मी लिहून पाठवतो. पुढचं मंत्रालयात ठरतं. बाईंना तेवढ्यात सांगून ठेवतो, सरकारची वाट बघू नका, तुम्हालाही हायकोर्टात जाता येतं, मुदतीत जा.

‘तिथं तुम्हीच उभे राहाल ना?’

तिथले सरकारी वकील वेगळे. आणि तुमचा वकील तुम्हीच करायचा, बाई.